उजेडाच्या पायऱ्या

२० नोव्हेंबर, संध्याकाळ

एका सकाळी मी कंदिलाची काच राखेने घासत होते, चूल पेटायची होती, आणि हे वात कातरता कातरता म्हणाले, "अंधारात वातीच्या पहिल्या फिरकीलेच सारं घर दिसते. पुढच्या फिरक्या नुसत्या तेल खातेत."

हे जाऊन सहा वर्षं झाली. तेच वाक्य महिन्यापूर्वी सुनंदाला, माझ्या लेकीला, सांगितलं. ती पुण्यात लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणांचं काम करते. मंद टोकाला एका दाबात डोळे दिपायचे, वर दाबत राहिलं तरी फरक कळायचा नाही. यांची फिरकी ऐकून तिने खालच्या पायऱ्या बारीक केल्या, वरच्या मोठ्या. तपासायला एक लॅपटॉप माझ्याकडे ठेवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन.

"आई, आता सारखं वाटते का?"

"नाही वं, तिसऱ्या दाबाले अजून उडी बसते."

"तुह्या डोळ्याले मानलं, माय! इथं कोणालेच दिसत नाही ते."

दिसेल कसं? उडी नाहीच. शुक्रवारपासून सगळं सारखं आहे. पण तसं म्हटलं की फोन थांबेल, आणि कापूस वेचून आल्यावर या घरात दुसरा आवाज नाही. आज मात्र ती म्हणाली, काम अडलं म्हणून साहेब रोज बोलतात. माझ्यामुळे. यांना काय सांगू? नुसती तेल खाणारी फिरकी, ती मीच की.

२१ नोव्हेंबर

सकाळी मीच फोन लावला. सारखं झालं म्हणून सांगितलं. शुक्रवारीच झालं होतं, हेही सांगितलं.