लालभडक जीभ
अकोला, मे महिना, मंगळवार संध्याकाळ

दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला आणि आमचं हस्की कुत्र्याचं पिल्लू शेरू फरशीवर आडवं झालं. जीभ लालभडक. हाक मारली तरी मान उचलेना. शेजारच्या सलमाआपांनी ऑटो थांबवला. "रडून काय राहिली, पानी टाक त्याच्यावर!" वाटभर मी त्याचं पोट, पंजे भिजवत होते आणि ती जीभच बघत होते.

वाचला. डॉक्टर म्हणाले, "या गर्मीत बर्फातला हस्की कावून आणला?" निळे डोळे आवडले म्हणून, हे सांगवेना.

घरी येऊन चिखलदऱ्याच्या भावाला फोन केला. तिकडे जरा थंडावा असतो. "याले ठेवशील का?"

"आण उद्याच," तो लगेच म्हणाला.

तो नाही म्हणेल, अशी आशा का करत होते मी?