औषधाची समान वाटणी

३ मार्च, सकाळ
नातीने मिरचीच्या बारा कुंड्या घरी आणल्या. सगळ्यांना चुरडामुरडा. पानं अशी वळलेली, जशी काही सुनेने तोंड फिरवलंय. नात पीएचडी करते. तिच्या काचघरातलं कूलिंग बिघडलंय, म्हणून महिनाभर आमची जाळीची बाल्कनी. म्हणाली, आजी, हात लावायचा नाही. मला काय तेवढाच उद्योग आहे?
संकल्प: बाल्कनीत पाऊल टाकायचं नाही.

३ मार्च, दुपार
टाकलं. टॉवेल राहिला होता.

६ मार्च
चहाच्या वेळी नातीने रोग समजावला. मी चौथी पास, पण सगळं कळलं. विषाणू पानात शिरतो आणि झाडाकडूनच स्वतःच्या नकला काढून घेतो. झाडाला त्याला हाकलता येत नाही. मग ते त्याच्या डीएनएवर बारीक बारीक कुलपं घालतं. मिथाइल म्हणतात. कुलपं लागली की त्याचं लिखाण कुणाला वाचता येत नाही. आत असतो, पण गप्प. मग शेंड्याला सरळ पानं येतात. या घरात चाळीस वर्षं मी हेच करतेय. पुढे ती औषधाचं सांगत होती, तेवढ्यात माझा डोळा लागला. औषधाचं काय समजावायचं? औषध ते औषध.

९ मार्च
लाल चिठ्ठीच्या सहा कुंड्यांना ती बाटलीतलं औषध देते. पांढऱ्या चिठ्ठीच्या सहांना नुसतं पाणी. विचारलं, हा भेदभाव का गं? म्हणाली, तुलना करायची असते. मी म्हटलं, मी तीन पोरं वाढवली, एकाला दूध आणि दुसऱ्याला पाणी असं कधी केलं नाही. सून आतून म्हणाली, साय मात्र धाकट्यालाच जायची. तिला कुणी विचारलं नव्हतं.

१४ मार्च
पांढऱ्या चिठ्ठीवाल्यांना सरळ, हिरवी पानं आली. नात नाचतेय. लाल चिठ्ठीवाली वाकडी ती वाकडीच. म्हणजे डोस कमी पडतोय. आणि पांढऱ्यांनी औषधावाचून एवढं केलं, तर औषध मिळाल्यावर काय करतील!

१५ मार्च, साडेदहा
सगळे बाहेर. बाटली फ्रिजमध्ये, डब्यात. वर लिहिलंय, हात लावू नये. ते परक्यांसाठी. पांढऱ्या सहांना एकेक चमचा दिला.
संकल्प: रोज साडेदहाला, न चुकता. नातीला शेवटी सांगायचं.

१६ मार्च. दिलं.
१७ मार्च. दिलं.
१८ मार्च. दिलं. साडेदहालाच.
१९ मार्च. दिलं.
२० मार्च. दिलं. झाडं खूश.
२१ मार्च. दिलं.
२२ मार्च. दिलं.

२३ मार्च
झाडं खूश नाहीत. पांढऱ्यांची नवी पानं पुन्हा वळायला लागली. नात जेवली नाही. फोनवर पीएचडीच्या सरांना म्हणत होती, हे फसलं तर आणखी एक वर्ष. मला कारण माहीत आहे. आजार निघून जाताना आधी उसळतो.
संकल्प: दोन चमचे.

२८ मार्च, दुपार
सर स्वतः आले. पायमोज्यातून अंगठा बाहेर. कुंड्यांपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, लाल आणि पांढरी सारखीच दिसतायत, पांढऱ्यांनाही औषध कुणी दिलंय का? मी ताठ मानेने सांगितलं, मी. वाटणी सारखी केली.
मग नात म्हणाली, आजी, ते बरं करायचं औषध नाही. ते कुलपं लागू देत नाही, लागलेली उघडतं. कुलपांवाचून झाड सावरतं का, तेच बघायचं होतं. हे तिने मला झोपेत सांगितलं असणार. झोपलेल्या माणसाला असलं महत्त्वाचं सांगतात का?
मग रागवायचं सोडून तिने माझे हात उलटसुलट करून पाहिले, पुरळ आलंय का म्हणून. रागावली असती तर बरं झालं असतं.

२८ मार्च, संध्याकाळ
सरांचं डोकं चालतं. म्हणाले, बरी झालेली झाडं या औषधाने पुन्हा आजारी पडली, म्हणजे त्यांना कुलपांनीच सावरलं होतं. हा तर जास्त पक्का पुरावा. फक्त कोणत्या दिवशी किती दिलं, ते नेमकं हवं. मी म्हटलं, रोजचं लिहिलंय की! वही दिली. म्हणजे शोध माझाच. नाव वर छापतात की खाली, विचारायचं राहिलं.

२९ मार्च
नातीने वही वाचली. म्हणाली, आजी, अठराला तू दिवसभर धाकट्या काकाकडे होतीस. विसाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मग दिलं कुणी?
सांगावं लागलं. सोळा तारखेला बसून आठवड्याचं एकदमच लिहून टाकलं होतं. रोज तेच लिहायचं, तर हात का दुखवा? किती दिवस दिलंस? तीन. चारही असतील. चमचा कुठला? चहाचा. नंतर हाताला लागेल तो.
तिने वही मिटली. सरांना फोन केला. माझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, सर, पहिल्यापासून करू. पुन्हा बी, पुन्हा लागण, पुन्हा वाट बघणं. गेलं तिचं वर्ष. वही परत देताना म्हणाली, लिहीत जा, पण झाल्यावर.

३० मार्च, रात्री आठ
आज कुणाला काही दिलं नाही. हे आजच लिहिलंय.