शेजारच्याचं वझं

१२ जानेवारी २००८
कळमनुरीहून जीपच्या टपावर बसून बंजाऱ्यांच्या तांड्यावर पोचलो. अंगभर धूळ, पण मन एकदम खूश. नायक रूपसिंग यांनी स्वतःच्या घरातली खोली दिली, त्यांच्या पत्नी मिराबाईंनी गरम भाकरी आणि ठेचा वाढला. त्यांची सून पुजा सात महिन्यांची गरोदर. नवरा ऊसतोडीला गेलाय.
काम मजेचं आहे. रुपयाएवढी चकती छातीला चिकटवायची. ती नाडी मोजते आणि बिनतारी, एका माणसाकडून दुसऱ्याकडे, निरोप देत पडदा असलेल्या माझ्या डब्यापर्यंत पोचवते. सेल मात्र डाळीएवढा. म्हणून चकती अंगाची ऊबही थोडी उचलते आणि त्यावर चार्ज होते, कळतसुद्धा नाही. सेल महिनाभर टिकले तर माझी नोकरी पक्की.

१५ जानेवारी
आठ जणांना चकत्या लावल्या. पुजाला नाही, पोटुशी बाई ती. पंचाईत अशी की डब्याजवळच्या चकत्या सगळ्यांचे निरोप वाहून आधी संपतात. रूपसिंगांना सांगितलं तर हसले. त्यांचे पणजे बैलांवर मीठ लादून मुलूख फिरायचे. म्हणाले, "बैल बसला की त्याचं वझं शेजारच्या दांडग्या बैलावर. काफिला थांबत न्हाई." दुपारी बसून तोच नियम चकत्यांमध्ये भरला: एक दमली की तिचं काम शेजारच्या दांडग्या चकतीवर. स्वतःवर जाम खूश आहे.

२० जानेवारी
चार्ज उतरतच नाही. आठही चकत्या शंभर टक्के! साहेबांनी फोनवर पाठ थोपटली. फक्त म्हातारे वसराम दोन घोंगड्या पांघरून भर उन्हात कुडकुडत असतात. अंगातली ऊब कोणीतरी काढून नेतंय म्हणे. थंडीचे दिवस आहेत बाबा, मी म्हटलं.

२२ जानेवारी
वसराम गेले. उन्हात बसल्या बसल्या. मी आधी धावलो ते डब्याकडे, याची लाज वाटते. त्यांची चकती शंभर टक्के.
चकती परत आणायला गेलो तर मिराबाईंनी ती आपल्या छातीला लावलेली, स्वतःच्या चकतीशेजारी. काढा म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याचं वझं कोनीतरी उचलाया पायजे न्हाई का, बापू." तांड्याची रीतच ती. मी जोर करायला हवा होता. केला नाही, कारण आकडे छान येत होते.

२५ जानेवारी
मिराबाई गेल्या. चुलीसमोर बसलेल्या, आणि हात बर्फ. आता तिन्ही चकत्या रूपसिंगांच्या छातीवर. पाया पडलो, ऐकत नाहीत.

२६ जानेवारी
रूपसिंग सकाळी उठलेच नाहीत.
सगळ्यांच्या चकत्या ओढून काढल्या, सेल विहिरीत टाकले. डबा बंद केला. तरी त्याचा दिवा जळतोच आहे. पडद्यावर एकच नाव — माझं. देविदास. मी चकती कधी लावलीच नाही.

२७ जानेवारी
जीप आली. डबा मांडीवर घेऊन चढलो. तांडा मागे पडायला लागला तसं माझं नाव पुसट झालं आणि खाली दुसरं उमटलं. पुजा.
उतरलो. चालत परत आलो. या घरात आम्ही दोघंच उरलोय. मी बसलो की तिच्यावर. मी बसायचं नाही.

२८ जानेवारी
ऊन आहे. लागत नाही. बोटं वळत नाहीत — नियम मीच भरला, मला पुसता येत नाही — आई, तुझ्याकडे यायचं होतं

२९
चार्ज शंभर. माझी नाडी तीस.
पुजा समोर उंबऱ्यावर. मी का रडतो, विचारते. तिचं नाव आलं नाही अजून. नाही आलं. देवा, एवढं तरी —

खाली ओळ आली. नाव नाही. नाडी एकशे चाळीस. तिची नव्हे — पोटातल्या —
दांडगा म्हणून त्यालाच
पुजा, पळ, तू