जोडीतली दुसरी फुलदाणी

मी, खाली सही करणारी, घरात धाकटी आणि बाजारात भिंगवाली म्हणून ओळखली जाणारी, जुन्या काचवस्तूंची दुकानदार, नजरेने थोडी अधू पण डोक्याने ठणठणीत, कोणाच्याही धाकाखाली नव्हे तर आपखुशीने हे लिहून ठेवत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते लिहिताना मी ताईवर रागावलेली होते.

कलम १. दुकान आणि वरच्या खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला मिळाव्यात. जिन्याची एक पायरी डुगडुगते. ती दुरुस्त करू नये. वर कोणी चढू लागले की तीच वर्दी देते.

कलम २. भिंग, विजेरी आणि कारखान्यांच्या जुन्या सचित्र याद्यांच्या प्रतीही तिलाच. बोहेमियातली, साच्यात दाबून घडवलेली फुलदाणी कोणी दाखवायला आणली तर भाचीने आधी बूड पाहावे, मग साच्याची शिवण, मग नक्षीच्या कडा. याद्यांतल्या चित्राशी नक्षी जुळली म्हणून हुरळून जाऊ नये. कारखाने बुडायचे, विकले जायचे आणि साचे एकाकडून दुसऱ्याकडे जायचे. तीच पाने, तीच फुले, पण हात दुसरे. कागदी लेबल बहुतेक वेळा धुण्यात गेलेले असते. खात्री नसेल तिथे 'बहुधा' लिहावे.

कलम ३. चौकातल्या लिलाववाल्यांना माझ्याकडून काही नाही. प्रत्येक हिरव्या काचेवर बड्या कारखान्याचे नाव चिकटवणाऱ्या या गृहस्थांना मी फक्त वरचा 'बहुधा' हा शब्द ठेवून जाते. त्यांच्याकडे तो नाही.

कलम ४. हे कलम लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आईकडे मधाच्या रंगाच्या, अंगभर नेच्याची पाने असलेल्या दोन फुलदाण्या होत्या. "दोघींना सारखंच," असे म्हणून तिने एक ताईला दिली, एक मला. माझ्या फुलदाणीवर मी काम शिकले. तिचा कारखाना शोधून काढला तेव्हा गावभर मिरवले, आणि ताईने साहजिकच धरून चालले की तिचीही तिथलीच.

गेल्या महिन्यात ती आपली फुलदाणी टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. म्हणाली, "कारखान्याचं नाव चिठ्ठीवर लिहून दे गं. लेकीला द्यायचीय, नावानिशी दिलेली बरी." दोन्ही फुलदाण्या इतक्या वर्षांत प्रथमच एका टेबलावर आल्या.

माझ्या फुलदाणीवरच्या पानांच्या शिरा नखाला लागतात. बूड घासून आरशासारखे केलेले आहे. ताईच्या फुलदाणीवरच्या शिरा विरलेल्या आहेत, साबणावरची अक्षरे झिजावीत तशा. बूड साच्यातून निघाले तसेच सोडलेले. साचा तोच, पण थकलेला. दुसऱ्या कारखान्याने विकत घेऊन वापरलेला. यात 'बहुधा' नाही.

मी म्हणाले, "बघून सांगते." आणि सांगितले नाही. तिने फोन केला, मी डोळ्यांची तक्रार पुढे केली. पुन्हा केला तेव्हा म्हणाली, "अगं भिंगवाले, काचेची नाडी बघतेयस की पत्रिका?" मी हसले आणि विषय बदलला.

आईच्या दुखण्यात ताई तिच्या उशाशी होती. मी दुकान बंद करून पोहोचायचे तेव्हा आईचे जेवण झालेले असायचे, चादर बदललेली असायची, आणि ताई मलाच विचारायची, "दमलीस का?" तिच्या वाट्याला झिजलेल्या साच्याची फुलदाणी आली आणि माझ्या वाट्याला ही. आईने सारखेच वाटले होते. कमीजास्त मी ठरवले, भिंग लावून. हे ज्ञान आता मला परत करता येत नाही, म्हणून फुलदाणी परत करते.

सबब, माझी फुलदाणी मी माझ्या थोरल्या बहिणीला देत आहे.

कलम ५. याखेरीज जे काही उरेल, आणि वरचे एखादे कलम काही कारणाने पडले तर त्यातले जे असेल तेही, भाचीला मिळावे.

इथवर लिहून झाले. सह्यांसाठी वकीलबाई आणि शेजारचे फ्रेमवाले आले होते. दुसरे साक्षीदार यायचे होते. तेवढ्यात जिन्याची पायरी वाजली. ताई फुलदाणी न्यायला आली होती. "नाव लिहायचं नसेल तर नको लिहूस, पण माझी वस्तू दे." मग मी तिला कलम ४ वाचून दाखवले. अर्ध्यावर मी कागद वकीलबाईंकडे दिला, उरलेले त्यांनी वाचले.

ताईने दोन्ही फुलदाण्यांवरून बोट फिरवले. मग विचारले, "दुसरा साक्षीदार कुठाय?"

"येतोय," मी म्हणाले.

"कशाला? मी करते सही."

वकीलबाई घाईने म्हणाल्या, "तुम्ही नाही चालणार, ताई. म्हणजे सही चालेल, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. फुलदाणीवर पाणी सोडावं लागेल."

"कळलं मला. पेन द्या."

मी म्हणाले, "ताई, घे गं. मला बरं वाटेल."

"तुला बरं वाटावं म्हणून मी काय काय घेऊ?" ती म्हणाली. मग जरा हळू, "दोन्ही घरात ठेवल्या तर मीही रोज ताडून बघत बसेन. तू बघितलंस तेवढं पुरे झालं."

तिच्या फुलदाणीसाठी चिठ्ठी मात्र तिने मागून घेतली. मी खरा कारखाना लिहिला. तिने वाचला, आणि खाली लिहायला लावले: 'आईने दिलेली.'

कलम ४ खोडायला मी वकीलबाईंना मनाई केली आहे. ते आता लागू होणार नाही, तरी राहू द्यावे.

ठिकाण : दुकानावरची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी, सोमवार

सही : भिंगवाली, घरातली धाकटी

आम्हा दोघांसमोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही :
साक्षीदार १ : शेजारचे फ्रेमवाले
साक्षीदार २ : थोरली बहीण