घोरण्याची आठवण

सौभाग्यवतीस सप्रेम नमस्कार.

श्वासाचे यंत्र सुरू केले असून प्रकृती उत्तम आहे. नाकावर मास्क बांधून झोपतो, हे मुलांना सांगू नकोस, नकला करतील. झोपेत तासाला श्वास किती वेळा अडतो, त्या आकड्यास एएचआय म्हणतात. माझा बत्तीसवरून चारवर उतरला.

इथे नोकरीच्या गावी माझ्या खोलीत राहणाऱ्या स्टोअरकीपरलाही हेच यंत्र मिळाले आहे. तो पट्टे नीट आवळत नाही, त्यामुळे हवा गळते आणि आकडा अजून अकरावर आहे. तरी स्वारी खुशीत! काल त्याची बायको फोनवर म्हणाली, "अहो, तुमचं घोरणं नाही तर घर खायला उठतं. मेला डोळ्याला डोळा लागत नाही."

तू मात्र लिहिलेस, "आता कशी गाढ झोप लागते!" वाचून आनंद झाला. खरे म्हणजे, झाला नाही. त्या बेशिस्त माणसाचा फार हेवा वाटला.

आईचे गुडघे कसे आहेत?

माझी गादी तू बाहेरच्या खोलीत हलवलीस, असे धाकटी म्हणाली. आता मी घोरत नाही. गादी पूर्वीच्या जागी आणशील ना? उत्तर विचार करून नको, लगेच दे.

तुझाच,
अहो