सावलीतून आलेली गाडी

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? आपले गुरुजी सांगायचे, पत्रात आधी खुशाली लिहावी, मग काम. म्हणून आधी गाडीची खुशाली.

बाबांची जुनी व्हॅन एकोणीस वर्षांनी शेडबाहेर काढली. आत राहता-झोपता येईल अशी करतोय. कुजलेला तळ उखडून नवं प्लायवूड ठोकलं, खिडक्यांचं रबर बदललं, टपावर सोलर चढवलं. बाबांनी केलेलं कपाट मात्र तसंच ठेवलंय. दार अजून कुरकुरतं. पलंग उंच झाला होता, तो कापून चार बोटं खाली घेतला. दाराशी घडीची पायरी आणि धरायला दांडी लावली. बायको म्हणाली, "पायरी कोणाला? आपण काय म्हातारे झालो?" मी रंधा मारत राहिलो.

खुशाली फार लांबली. काम लिहितो.

गुरुवारी दाजी गाडी बघायला आले, तेव्हा त्यांना जे सांगितलं तेच तुला सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी त्या दिवशी तू याच व्हॅनच्या मागून पिशव्या काढत होतीस आणि गाडी उतारावरून तुझ्या अंगावर आली. गाडी दाजींनी लावली होती, म्हणून हँडब्रेक तेच विसरले असं सगळ्यांनी धरलं. पण त्यांच्यानंतर ती मी हलवली होती. तापलेली सीट तुला चालत नाही म्हणून झाडाखाली घेतली. ब्रेक ओढला की नाही, मला आठवेना. घाबरलो आणि गप्प बसलो. दाजींनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, तेही बघत राहिलो. रोज देवापुढे हात जोडले, पण मान वर केली नाही.

दाजी पायरीवर बसून ऐकत होते. म्हणाले, "माहीत होतं मला. मी उन्हात लावली होती. आली ती सावलीतून."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं विचारलं.

"माझ्यावर चिडून ती माझ्याच घरात राहणार होती. तुझ्यावर चिडली असती तर तिचं माहेर तुटलं असतं. पण आता तिला तूच सांग."

मी लिहायचं कबूल केलं. दोन दिवस कागद कोराच राहिला. काल मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि हँडब्रेकची केबल घेऊन बाहेर आला. ती कधीतरी तुटली होती आणि कोणीतरी तारेने बांधली होती. गाठ केबलवरून निसटून तशीच लोंबत होती. दोन वेढे, एक पीळ, टोक आत दुमडलेलं. बादलीच्या कडीला बाबा अशीच गाठ मारायचे. मेकॅनिक म्हणाला, असल्या गाठीवर उतारावर ब्रेक ओढला असता तरी धरला नसता.

ताई, मी तिथेच फरशीवर बसलो. कितीतरी वर्षांनी छाती भरून श्वास आला. पण गाठ बाबांची असली तरी गप्प बसणं माझं होतं. बाबा न बोलता गेले, दाजी न बोलता राहिले, मी न बोलता रक्षाबंधनाला करतात तसा हात पुढे करून तुझी माया घेत राहिलो. तिघे गप्प, आणि लंगडलीस तू एकटी.

केबल नवी घातली आहे. येत्या रविवारी गाडी तुझ्या दारात येईल. चालवायला दाजी तयार झालेत. पायरी चढायची की मला दारातूनच परत पाठवायचं, ते तू ठरव. सीट तापलेली असेल, तेवढं सोसून घे.

चाकामागे दगड लावून उन्हात थांबलेला,
तुझा धाकटा