इथून पुढचं आईले वाचून दाखवू नको

पंजाब, डिसेंबर २००६

प्रिय रेणू,
आईले माझा नमस्कार, तुझी खूप खूप आठवण येते.

मी खुशाल आहे. आई विचारत होती ना, पोरगा कारखान्यात काय करून राहिला? तिले सांग, धानाच्या कोंड्याचं तेल सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे पेट्रोलसारख्या पातळ रसायनात, मिसळून टाकीत थंड करतो. मग त्यातलं मेण गोठते. ते गाळून सॉल्व्हंट उडवून टाकलं की तेल नितळ होते. आपल्या सौंदडच्या शेतातले धान चुरून मळणी झाली काय? आईचा गुडघा कसा आहे?

इथून पुढचं तिले वाचून दाखवू नको.

सोमवारी थंड टाकीचा पाइप फुटला आणि सॉल्व्हंटची वाफ पसरली. एक ठिणगी पडली असती तर सगळंच पेटलं असतं. माझा जोडीदार गुरमीत आत चक्कर येऊन पडला. मी तोंडाले दुपट्टा बांधून गेलो, त्याले ओढत बाहेर आणलं आणि मीच कोसळलो. आता दोघंही बरे आहोत. रागावू नको.

दवाखान्यात मी शुद्धीवर येत होतो, तेव्हा डॉक्टरनं विचारलं, "घर में कौन है?"

मी म्हटलं, "रेणू."

लग्नाले सहा वर्षं झाली, पण चारचौघांत तुझं नाव मी कधी घेतलं नव्हतं. खाटेभोवतीचे सगळे हसले. मी पुन्हा घेतलं.

तुझाच,
प्रफुल